साखरेच्या बदल्यात स्फुरद: मुळं, बुरशी आणि मातीतला कर्ब

वाढत्या मुळाच्या भोवती एक-दोन मिलिमीटर रुंदीचा एक ओसाड पट्टा तयार होतो. डोळ्याला तो दिसत नाही, पण पिकाच्या स्फुरदाचा (फॉस्फरसचा) सगळा घोळ तिथेच असतो. नायट्रेट पाण्याबरोबर वाहत मुळापाशी येतं. स्फुरद तसा येत नाही. चुनखडीच्या जमिनीत तो कॅल्शियमला धरून बसतो, आम्ल जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियमला. जो थोडाफार पाण्यात विरघळलेला असतो, तोही फार सावकाश सरकतो. मूळ हाताजवळचा स्फुरद उचलतं, पट्टा रिकामा होतो आणि पलीकडे साठा पडून असतानाही पीक उपाशी राहतं. जमिनीत टाकलेल्या स्फुरदापैकी पहिल्या हंगामात पिकाला साधारण १० ते २० टक्केच मिळतो, त्याचं एक मोठं कारण हेच.

पट्टा ओलांडायचा तर मूळ लांबवायला हवं, आणि मूळ घडवणं महाग असतं. बारीकातलं बारीक मूळ २०० मायक्रॉन जाड धरा. बुरशीचा तंतू २ ते १० मायक्रॉनचा. आपण ५ धरू. जाडी ४० पट कमी, म्हणजे तेवढ्याच मालात लांबी १६०० पट. शिवाय मातीतल्या ज्या फटीत मूळ शिरूच शकत नाही, तिथे तंतू आरामात जातो आणि मुळापासून काही सेंटिमीटर लांबचा स्फुरद आणून देतो. चांगल्या जमिनीत चमचाभर मातीत अशा तंतूंची लांबी मीटरांत मोजावी लागते.

मुळाशी असा संसार मांडणाऱ्या बुरशीला मायकोरायझा म्हणतात. खरं तर हे त्या दोघांच्या जोडीचं नाव आहे. बुरशी आणि मूळ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांपासून जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी ते १८८५ मध्ये घडवलं. जोडी मात्र फार जुनी. स्कॉटलंडमधल्या रायनी इथे सापडलेल्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांत अशी बुरशी दिसते. तेव्हा वनस्पतींना खरी मुळंही फुटलेली नव्हती.

शेतातल्या बहुतेक पिकांशी जोडी जमवते ती आर्बस्क्युलर प्रकारची बुरशी. जमिनीवरच्या सुमारे ७० टक्के वनस्पती जातींशी तिचं नातं आहे. पाइन, ओक यांसारख्या झाडांच्या मुळांवर बाहेरून आवरण घालणारी एक्टो प्रकारची बुरशी वेगळी. तिचे गुण आर्बस्क्युलरच्या नावावर खपवले की पुढचं सगळं चुकतं.

व्यवहार कसा ठरतो

स्फुरदाची टंचाई जाणवली की मूळ स्ट्रिगोलॅक्टोन नावाची द्रव्यं मातीत सोडतं. अगदी अल्प प्रमाणात सोडतं, पण बुरशीच्या तंतूला तेवढा वास पुरतो. तंतूला फांद्या फुटतात, तो मुळाला भिडतो आणि पेशींच्या मधून वाट काढत आत जातो. (याच वासावर टारफुल्याचं बीही रुजतं आणि पिकाच्या मुळाला डसतं. शास्त्रज्ञांना ही द्रव्यं आधी या परजीवी तणामुळेच माहीत झाली होती. बुरशीला दिलेलं हे आवतण आहे, हे २००५ मध्ये कळलं.)

आतल्या पेशीत शिरल्यावर तंतूचं इवलंसं झुडूप होतं, तेच आर्बस्क्यूल. पेशीचं पातळ पटल त्याला हातमोज्यासारखं लपेटून असतं. या पटलातून स्फुरद, जस्त, तांबं, थोडं नत्र (नायट्रोजन) इकडे येतं आणि साखर तिकडे जाते. फक्त साखरच नव्हे. स्निग्धाम्लं स्वतः बनवण्याची यंत्रणा या बुरशीकडे नाही, त्यामुळे स्निग्ध पदार्थही झाडालाच पुरवावे लागतात. हे २०१७ मध्ये सिद्ध झालं. म्हणूनच ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. नुसत्या कुजलेल्या पाल्यावर किंवा गुळाच्या पाण्यात तिची वाढ होत नाही. कुणी पिंपात मायकोरायझा वाढवल्याचं सांगत असेल, तर पिंपात दुसरंच काहीतरी वाढलं आहे.

झाड पानांत हवेतून पकडलेल्या कर्बापैकी (कार्बनपैकी) साधारण ४ ते २० टक्के या बुरशीवर खर्च करतं. एवढा खर्च फुकट कोण करील? जमिनीत स्फुरद मुबलक असला की झाड स्ट्रिगोलॅक्टोन कमी करतं. आर्बस्क्यूल तसेही थोड्याच दिवसांचे असतात; झाड नवे होऊ देत नाही आणि मुळांतली बुरशी रोडावते. भरपूर स्फुरद टाकायचा आणि वर मायकोरायझाचं विकतचं पाकीटही टाकायचं, हे म्हणजे गडी नको म्हणून सांगायचं आणि त्याचा पगार मात्र द्यायचा.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ही बुरशी स्फुरद तयार करत नाही, लांबचा आणून देते. जमिनीत मुळातच स्फुरद कमी असेल, तर दरवर्षी धान्यातून जाणारा स्फुरद कुठून तरी परत टाकावाच लागतो. घट्ट बांधलेला स्फुरद सोडवायलाही ती एकटी फारशी उपयोगी नाही. ते काम तंतूच्या पृष्ठभागावर राहणारे जिवाणू करतात. तंतू त्यांना थोडी साखर देतो, ते आम्लं आणि विकरं (एन्झाइम) सोडतात, सुटलेला स्फुरद तंतू उचलतो. म्हणजे झाडाच्या साखरेत आणखी एक वाटेकरी.

सगळ्या पिकांना ही मदत सारखी लागत नाही. कांदा, लसूण, लिंबूवर्गीय फळझाडं यांची मुळं जाड आणि मूलरोम तोकडे. ती बुरशीवर फार अवलंबून. गहू, बार्ली यांच्या बारीक मुळांचं पुष्कळदा तिच्यावाचूनही भागतं. मोहरी, कोबी, फुलकोबी, मुळा, तसंच पालक, बीट, राजगिरा या कुळांतली पिकं तिला जवळजवळ घेतच नाहीत. त्यांच्या बियाण्याला मायकोरायझा चोळणं हा शुद्ध खर्च आहे.

बाकीची मंडळी

‘जैविक खत’ या एका शब्दाखाली अगदी वेगवेगळे स्वभाव कोंबलेले असतात. रायझोबियम हा जिवाणू द्विदल पिकाच्या मुळावर गाठी करतो आणि हवेतला नत्र पकडतो. या कामाला भरपूर ऊर्जा लागते आणि तीही पिकाच्या साखरेतूनच येते. जमिनीत नायट्रेटच्या रूपात नत्र भरपूर असेल तर पीक गाठी पोसत नाही. गाठी कामाच्या आहेत का, हे पाहायला पीक फुलोऱ्यात येण्याच्या सुमारास रोप खोदून काढा, उपटू नका, आणि गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती नुसती बसून खाते.

अझोटोबॅक्टर हा जिवाणू गाठी न करता मोकळा राहून नत्र धरतो, पण त्याला साखर देणारा हक्काचा यजमान नसतो, त्यामुळे त्याच्याकडून रायझोबियमइतक्या नत्राची अपेक्षा करू नये. ट्रायकोडर्मा ही रोगकारक बुरशींशी झुंजणारी, सेंद्रिय पदार्थांवर जगणारी बुरशी. मायकोरायझाशी तिचं नातं नाही.

कर्ब मातीत राहतो कसा

जगभरच्या मातीच्या वरच्या एक मीटर थरात साधारण १,५०० अब्ज टन सेंद्रिय कर्ब आहे. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये आहे त्याहून हा बराच जास्त. त्यामुळे बुरशी कर्ब गाडते आणि हवामान वाचवते, असे मथळे अधूनमधून झळकतात. २०२३ मध्ये एका शास्त्रज्ञ गटाने अंदाज मांडला की सगळ्या प्रकारच्या मायकोरायझांना वनस्पती दरवर्षी सुमारे १३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका कर्ब देतात. आकडा प्रचंड आहे, पण तो दिलेल्या कर्बाचा आहे, साठलेल्या कर्बाचा नाही. त्यातला बराचसा बुरशीच्या श्वसनातून आणि मेलेले तंतू कुजून पुन्हा हवेत जातो. खात्यात जमा झालेली रक्कम आणि वर्षअखेरची शिल्लक यांत जो फरक, तोच इथे आहे.

मग शिल्लक कशाची राहते? पूर्वी समज असा होता की न कुजणारा, चिवट पालापाचोळा मातीत साठत जातो. आता चित्र बदललं आहे. पाला, मुळांचे स्राव, साखर हे सगळं आधी जिवाणू आणि बुरशी खातात. खाल्लेल्यातला काही भाग त्यांच्या शरीरात जातो, ते मरतात, आणि त्यांच्या पेशीभिंतींचे तुकडे चिकणमातीच्या कणांना चिकटतात. शेतजमिनीच्या वरच्या थरातल्या सेंद्रिय कर्बाचा निम्म्याच्या आसपास भाग सूक्ष्मजीवांच्या अशा मृत अवशेषांचा असू शकतो. रेताड जमिनीत कर्ब टिकत नाही तो यामुळेही: चिकटायला जागाच कमी.

दुसरी जागा म्हणजे मातीचे कण. तंतू बारीक कणांना गुंफतात, जिवाणूंचा चिकट स्राव त्यांना सांधतो आणि आत अडकलेल्या सेंद्रिय पदार्थापर्यंत कुजवणारे जीव आणि हवा सहज पोचत नाहीत. या चिकटपणाचं श्रेय ग्लोमॅलिन या प्रथिनाला दिलं जातं. १९९६ पासून हे नाव चर्चेत आहे. पण ते मोजण्यासाठी माती सायट्रेटच्या द्रावणात उच्च दाबाखाली उकळतात, आणि त्यात इतर सेंद्रिय पदार्थही उतरतात. म्हणून ‘मातीतला अमुक टक्के कर्ब ग्लोमॅलिनचा’ असली विधानं जपून वाचावीत. तंतू माती बांधतात हे पक्कं. ते नेमकं कोणत्या पदार्थाने, यावर अजून वाद आहे.

आणि बुरशी कर्ब घालवतेसुद्धा. मुळाच्या साखरेने आजूबाजूच्या सूक्ष्मजीवांना हुरूप येतो आणि ते जुना सेंद्रिय पदार्थही फोडायला लागतात. उलट उदाहरण एक्टो प्रकाराचं. न्यूझीलंडच्या पाइन लागवडीत आर. एल. आणि पी. डी. गाडगीळ यांनी १९७१ मध्ये दाखवलं की तिथे ही बुरशी असली की पाचोळा सावकाश कुजतो. जगभर याला गाडगीळ परिणामच म्हणतात. शेतातल्या आर्बस्क्युलर बुरशीला मात्र तो लागू करता येत नाही.

कर्ब वाढवण्याचा हिशेब

मातीतल्या टिकाऊ सेंद्रिय पदार्थात कर्ब एकटा नसतो. त्याच्याबरोबर नत्र, स्फुरद आणि गंधक जवळपास ठरलेल्या प्रमाणात अडकतात. एक हेक्टर, १५ सेंटिमीटर खोली, दर घनमीटरला १.३ टन माती धरली तर एकूण माती १,९५० टन. सेंद्रिय कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा म्हणजे १.९५ टन कर्ब टिकवायचा, आणि त्यासोबत सुमारे १६० किलो नत्र, ३९ किलो स्फुरद व २८ किलो गंधक बांधून ठेवायचं. हे कुठून येणार याचं उत्तर नसलेली योजना कागदावरच राहते. कर्ब जमतो तेव्हा पोषक द्रव्यं अडकतात, कर्ब कुजतो तेव्हा ती पिकाला मिळतात. दोन्ही एकाच वेळी भरभरून होत नाहीत.

हाच हिशेब लहान प्रमाणात काड गाडताना दिसतो. गव्हाच्या २४० किलो काडात साधारण १०० किलो कर्ब असतो आणि नत्र सव्वा किलो. सूक्ष्मजीव त्यातला एक तृतीयांश कर्ब अंगाला लावतात, बाकीचा श्वासावाटे सोडतात. अंगातल्या दर आठ भाग कर्बाला त्यांना एक भाग नत्र लागतं, म्हणजे ३३ किलो कर्बासाठी चार किलो. काडातून मिळालं सव्वा. उरलेलं पावणेतीन किलो ते जमिनीतून ओढतात आणि वरचं कोवळं पीक पिवळं पडतं. काडाच्या टनामागे ही तूट ११-१२ किलोची. काही आठवड्यांनी सूक्ष्मजीव मरू लागले की नत्र परत सुटतं, पण तोवर पेरणी झालेली असेल तर फटका बसतो. कर्ब आणि नत्राचं गुणोत्तर २४ च्या आसपास असेल तर देणं-घेणं फिटतं. कोवळ्या तागाचं किंवा धैंच्याचं गुणोत्तर त्याहून खाली असतं, म्हणून त्यांचं नत्र लवकर मिळतं. जून, काडी धरलेला ताग गाडला की तोच काडासारखा वागतो.

कर्ब वाढला का, हे तपासताना तीन चुका होतात. एका वर्षी १५ सेंटिमीटर खोलीचा नमुना, दुसऱ्या वर्षी १० चा. नांगरट बंद केल्यावर कर्ब वरच्या थरात गोळा होतो, त्यामुळे उथळ नमुना खोटी वाढ दाखवतो. निदान ३० सेंटिमीटरपर्यंत थरवार नमुने घ्यावेत. दुसरी चूक, मातीची घनता न मोजणं. तिसरी, पद्धत बदलणं: कर्ब मोजण्याची वॉकली-ब्लॅक पद्धत सगळा कर्ब पकडत नाही, म्हणून निकालाला साधारण १.३ ने गुणतात. एक अहवाल गुणलेला आणि दुसरा न गुणलेला असेल तर तुलना फुकट.

जोडी कशी तुटते

बुरशी जिवंत मुळावर जगते, तेव्हा मूळ नसलेला काळ हा तिचा उपासमारीचा काळ. ईशान्य ऑस्ट्रेलियात वर्षभर उघडी पडीक ठेवलेल्या जमिनीत पुढचं पीक खुरटायचं आणि त्यात स्फुरद व जस्ताची कमतरता दिसायची, पाणी साठलेलं असूनही. १९८० च्या दशकात कारण सापडलं: पडीक काळात मायकोरायझा घटला होता. कोबी, मोहरी किंवा बीटच्या बेवडावर मका घेतला तर असंच सौम्य प्रमाणात होतं; सुरुवातीच्या आठवड्यांत मक्याला स्फुरद कमी पडतो. तिथे पेरणीबरोबर ओळीत थोडा स्फुरद देणं शहाणपणाचं. दोन हंगामांच्या मधे गवत किंवा द्विदलाचं आच्छादन पीक घेतलं की जाळं टिकतं.

खोल नांगरट जाळं तोडते. तुटलेले तंतू मेले नाहीत तरी रोपाला नव्याने जोडणी करावी लागते, आणि रोपाला स्फुरदाची गरज सगळ्यात जास्त असते ती नेमकी तेव्हाच. रोपवाटिकेची माती वाफेने किंवा धुरीने निर्जंतुक केली तर रोगांबरोबर मायकोरायझाही जातो. अमेरिकेत धुरी दिलेल्या वाफ्यांतली लिंबूवर्गीय रोपं खुरटी का राहतात, याचं उत्तर १९७२ मध्ये हेच निघालं. बुरशीनाशकांमध्येही फरक आहे: कार्बेन्डाझिम आर्बस्क्युलर बुरशीला मारक, मेटॅलॅक्सिलचा तिला तसा त्रास होत नाही.

पाकीट घ्यावं का

माझं मत: रोपवाटिकेत, निर्जंतुक माध्यमात, वरची माती खरवडून गेलेल्या जमिनीत किंवा दीर्घ पडीकानंतर, हो. चांगल्या चालत्या शेतात, बहुधा नाही. स्वित्झर्लंडमध्ये मक्याच्या ५४ शेतांत बुरशी टाकून पाहिली, निकाल २०२३ मध्ये आले: कुठे वाढ ४० टक्के जास्त, कुठे १२ टक्के कमी. फायदा कुठे होईल हे सर्वांत चांगलं सांगत होत्या मातीतल्या रोगकारक बुरशी, स्फुरदाचा आकडा नव्हे. म्हणजे ही बुरशी तिथे पोषणापेक्षा पहारेकऱ्याचं काम जास्त करत असावी.

घरी वाढवायची तर बरीच वर्षं न नांगरलेल्या गवताखालची वरची १५ सेंटिमीटर माती मुळांसकट घ्या. तेवढीच धुतलेली जाडी वाळू मिसळा, भोकं पाडलेल्या बादलीत भरा आणि मका किंवा ज्वारी दाट पेरा. स्फुरद अजिबात देऊ नका. साडेतीन-चार महिन्यांनी पाणी तोडा, दहा-पंधरा दिवस सुकू द्या. या ताणात बीजाणू (बुरशीचं बी) तयार होतात. शेंडे कापून टाका, मुळं बारीक चिरून मातीतच कालवा. रोपांच्या मिश्रणात आकारमानाने एक दशांश मिसळा किंवा लागवडीच्या खड्ड्यात मुळाला लागून मूठभर घाला. वर शिंपडून उपयोग नाही. धोका एकच, पण मोठा: त्या मातीतून सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक कृमी) आणि मूळकुज येऊ शकते. म्हणून वाढवायला गवतकुळातलं पीक आणि वापर दुसऱ्या कुळातल्या पिकात, असा नियम पाळावा.

मुळात खरंच शिरली का, हे सूक्ष्मदर्शक असेल तर शाईने पाहता येतं. पाच-सहा आठवड्यांच्या रोपाची एक मिलिमीटरपेक्षा बारीक मुळं धुऊन एक-दोन सेंटिमीटरचे तुकडे करा. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं १० टक्के द्रावण करा. दाणे पाण्यात टाकायचे, दाण्यांवर पाणी नाही. हातमोजे, चष्मा हवाच आणि भांडं काचेचं, कारण ॲल्युमिनियमला ते खातं. या द्रावणात मुळं ९० अंश सेल्सिअसला, कोवळी असतील तर दहा मिनिटं आणि जून असतील तर तासभर ठेवा. पारदर्शक झाली की नीट धुवा, मग ५ मिलिलिटर शाई आणि ९५ मिलिलिटर पांढरं व्हिनेगर यांत तीन ते पाच मिनिटं तापवा. शेवटी व्हिनेगरचे काही थेंब घातलेल्या पाण्यात वीस मिनिटं बुडवून जादा रंग जाऊ द्या.

शंभरपट मोठं करून पाहा. पेशीत झुडपासारखा निळा आर्बस्क्यूल किंवा गोल फुगीर पिशवी दिसली तर खात्री. नुसते तंतू दिसले तर त्यांत आडवे पडदे आहेत का ते बघा. नियमित पडदे असतील तर ती दुसरीच बुरशी. मुळांचे तुकडे चौकटीच्या रेघांवर पसरून शंभर छेद मोजा आणि किती छेदांत बुरशी दिसते ते लिहा, तीच टक्केवारी. आकडा १५ आला आणि जमिनीत स्फुरद भरपूर आहे, तर बुरशीला दोष देऊ नका. झाडानेच तिला नको म्हटलेलं असतं.